वीतभर गाणं

मार्च लागला आणि आमच्या घरातला टीव्ही मुका झाला. यंदा ईशा दहावीला आहे. हॉलतिकीट देवापाशी ठेवलंय, त्याची एक झेरॉक्स फ्रिजवर, एक माझ्या पर्समध्ये. गल्लीतल्या कडुनिंबाला बारीक पांढरी फुलं आली आहेत आणि दुपारी त्यांचा वास खिडकीतून आत येतो. चारच्या सुमाराला हिरव्या द्राक्षांची बंडी, म्हणजे हातगाडी, ओरडत जाते. हैदराबादचा उन्हाळा असा आधी वासानं येतो, मग चटक्यानं. तीस वर्षांपूर्वी माझ्या दहावीलाही हे सगळं असंच होतं, फक्त आमचा पंखा जास्त आवाज करायचा.

ईशाच्या टेबलावर, गणिताच्या सूत्रांच्या शेजारी, कोरियन पोरांचे छोटे छोटे फोटो चिकटवलेले आहेत. मला ते सगळे सारखेच दिसतात. हे मी एकदा बोलून दाखवलं आणि घरात दोन दिवस अबोला होता. ही मुलगी कोरियन लिपी वाचते, मोबाइलवर बघून स्वतःची स्वतः शिकली. मराठीतली लग्नपत्रिका मात्र तिला बोट ठेवून वाचावी लागते आणि जोडाक्षर आलं की ती माझ्या तोंडाकडे बघते. मला राग येतो, पण मी तो गिळते. कारण तिच्या वयात मी काय करत होते ते मला चांगलं आठवतं.

मी आणि मंगल चार गोऱ्या मुलांच्या मागे वेड्या झालो होतो. त्यांच्या गटाचं नाव सांगत नाही, ईशाला ते ऐकूनच हसू येतं. पांढरे शर्ट, पंखे लावून उडवलेले केस, आणि गाणं म्हणताना पोटात दुखल्यासारखा चेहरा. मला त्यातला लांब केसांचा आवडायचा. मंगलला आवडायचा तो कडेला उभा राहणारा चौथा, ज्याच्या वाट्याला गाण्यात फार काही यायचंच नाही. “बिचाऱ्याला कुणी पुढं येऊ देत नाहीत गं,” म्हणायची. तिला त्याची खरोखर काळजी वाटायची.

आमची शाळा मराठी माध्यमाची. घरी मराठी, गल्लीत दखनी, बसमध्ये तेलुगू आणि इंग्रजी फक्त पुस्तकात, असा सगळा कारभार. मंगलच्या वडिलांचं बेगम बाजारात मिरची-हळदीचं ठोक दुकान होतं आणि वरच्या मजल्यावर घर. तिच्या दप्तराला, रिबिनींना, डब्यातल्या पोळीलासुद्धा मिरचीचा वास यायचा. आमच्या बाकावर नवीन कुणी बसलं की पहिल्या तासाला हमखास शिंकायचं. आवाज मात्र तिला असा होता की प्रार्थनेला ती पुढे उभी राहिली की पाचवी-सहावीची पोरंही चुळबुळ थांबवायची. मला गाता येत नव्हतं. मला इंग्रजी यायचं, म्हणजे वर्गात इतरांपेक्षा बरं यायचं, कारण माझे वडील एका सरकारी ऑफिसात इंग्रजी पत्रं टाइप करायचे आणि घरी डिक्शनरी होती. तेवढ्या भांडवलावर मी मंगलची इंग्रजीची सर्वज्ञ होते. मी सांगेन तो अर्थ आणि मी सांगेन तो उच्चार. ही गोष्ट मला फार आवडायची, हे आज सरळ सांगून टाकते.

दहावीच्या दसऱ्याच्या सुट्टीत आम्ही जुन्या प्रश्नपत्रिका आणायला कोठीच्या पुस्तकबाजारात गेलो आणि तिथून चालत आबिड्सला. तिथल्या एका दुकानाच्या काचेत त्या चौघांची नवी कॅसेट दिसली. एकीच्यानं होण्यासारखं नव्हतं, म्हणून दोघींत मिळून एक घेतली. करार दुकानाच्या पायरीवरच झाला. एक आठवडा तुझा, एक आठवडा माझा. शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा सुटली की अदलाबदल. रुमालात गुंडाळून द्यायची, उन्हात ठेवायची नाही, भावंडांच्या हाती लागू द्यायची नाही. चिठ्ठ्या टाकल्या आणि पहिला आठवडा माझा निघाला.

तिसऱ्या दिवशी आमच्या टेपरेकॉर्डरनं टेप खाल्ली.

ज्यांच्या घरात टेपरेकॉर्डर होता त्यांना हे सांगायला नको. गाणारा माणूस अचानक जाड्या आवाजात रडायला लागतो आणि मग खर्रकन सगळं बंद. मी झाकण उघडलं तर चॉकलेटी फीत चाकाला गुंडाळून बसली होती. ओढून काढली, पण मधला तुकडा कागदी पंख्याच्या घडीसारखा चुरगाळला होता. तो नखानं सरळ करून बघितला, पुस्तकाखाली दाबून बघितला. शेवटी वडिलांच्या दाढीच्या ब्लेडनं तेवढा भाग कापून टाकला आणि दोन टोकं सेलोटेपनं जोडली. कापलेला तुकडा माझ्या हाताच्या बरोबर एक वीत भरला. उलट्या बाजूला तो दोन गाण्यांच्या मधल्या शांततेत पडला होता, ती बाजू वाचली. या बाजूला, चौथ्या क्रमांकाच्या एका संथ गाण्याच्या दुसऱ्या कडव्यातली एक ओळ गेली. पहिल्या ओळीवरून गाणं एकदम तिसऱ्या ओळीवर जायचं, मध्ये श्वासही न घेता.

शनिवारी कॅसेट रुमालात गुंडाळून मी मंगलच्या हातात ठेवली. सोमवारी ती शाळेत आली तीच उजळलेल्या चेहऱ्यानं. मधल्या सुट्टीत सगळ्या गाण्यांची चर्चा झाल्यावर तिनं विचारलं, “ज्योते, ते चौथं गाणं आहे नं, ते मधीच एकदम उडी का मारतंय?”

मी चिंचेचं बोटूक चोखत होते. ते तोंडातून काढून मी म्हटलं, “तसंच आहे ते. इंग्लिश गाण्यांत असतं तसं.”

“हौ का?” ती म्हणाली. “भारीच आहे मग.”

एवढंच. खोटं बोलायला याहून जास्त वेळ लागत नाही. मला वाटलं होतं ती भांडेल, मग मी कबूल करेन, मग अबोला होईल आणि आठवड्यानं संपेल. पण तिनं विश्वास ठेवला. पुढे तिच्यासाठी ती गाणी मी दोनशे पानी वहीत देवनागरीत उतरवून दिली. अर्धे शब्द अंदाजपंचे होते. त्या चौथ्या गाण्यातही ती ओळ मी लिहिली नाही. मला ती पुसटशी आठवत होती, पण लिहिली असती तर उडी कुठून आली ते सांगावं लागलं असतं.

मंगल घरी मोठ्यानं गाऊ शकत नव्हती. वडिलांना भजनं चालायची, ही असली गाणी नाही. मग ती खाली गोदामात जाऊन बसायची, मिरचीच्या पोत्यांच्या मधोमध. मी दोन-तीनदा तिच्याबरोबर गेले आहे. पोती आवाज खातात, म्हणून तिथं ती मन मोकळं करून गायची आणि मी नाकाला ओढणी लावून ऐकायची. तिच्या डोळ्यांना त्या मिरचीनं कधी पाणी आलेलं मी पाहिलं नाही. माझे डोळे मात्र वाहायचे आणि तिला वाटायचं गाण्यानं वाहतायत. कधी कधी ते खरंही असायचं. त्या उडीपाशी आली की ती मान किंचित झटकायची आणि पुढच्या ओळीवर अलगद उतरायची. इतकं सफाईदार, की माझा मलाच विसर पडला की इथं काहीतरी कापलेलं आहे.

जानेवारीत आबिड्सच्या बाजूच्या एका इंग्लिश माध्यमाच्या शाळेत आंतरशालेय स्पर्धा होती. आमची शाळा दरवर्षी भावगीत आणि समूहगीत पाठवायची. त्या वर्षी मंगलनं बाईंच्या मागे लागून इंग्लिश गाण्याच्या स्पर्धेत नाव घातलं. तिथं आमच्या शाळेतून आजवर कुणीच उभं राहिलं नव्हतं. गाणं तिनं निवडलं ते चौथंच.

“दुसरं घे ना,” मी म्हटलं. “ते टीव्हीवर लागतं ते घे.”

“ते सगळ्याच म्हणणारेत. नक्को. हे कुणालाच येत नसणार.”

त्यानंतर पंधरा दिवस होते. रोज शाळेत जाताना मी ठरवायची, आज सांगू. प्री-फायनल परीक्षा तोंडावर होती, तिचं कारण मी स्वतःला देत होते. खरं कारण वेगळं होतं. एकदा हे सांगितलं की त्या वहीतलं बाकीचं सगळंही ती तपासून बघेल आणि माझं सर्वज्ञपण तिथंच संपेल, अशी मला भीती होती. पंधरा वर्षांच्या पोरीला हे फार मोठं वाटतं.

स्पर्धेच्या सभागृहात पंखे लांब दांड्यांचे होते आणि खुर्च्यांना गादी होती, ते बघूनच आम्ही दबून गेलो. त्या शाळेचे संगीताचे सर कीबोर्डवर होते. त्यांना ते गाणं नीट माहीत होतं, हे पहिल्या चार सुरांतच कळलं. मंगल निळा स्कर्ट, पांढरा ब्लाउज, दोन वेण्या अशी उभी होती. पहिलं कडवं तिनं असं म्हटलं की पुढच्या रांगेतल्या मुली वळून एकमेकींकडे बघायला लागल्या. मला त्या क्षणी वाटलं, निभावेल.

दुसऱ्या कडव्यात ती मान झटकून उडी मारून पुढे गेली आणि कीबोर्ड मागे राहिला. सरांनी पकडायचा प्रयत्न केला, ती गोंधळली, थांबली. परीक्षक बाई छान होत्या. हसून म्हणाल्या, एक ओळ राहिली, घाबरू नकोस, कडवं पुन्हा घे. मंगलनं पुन्हा घेतलं आणि पुन्हा तिथंच उडी मारली. या वेळी मागून खसखस पिकली. तिसऱ्यांदा सर स्वतःच हळू वाजवायला लागले, तिला सावरायला. ती तोंड उघडून उभी राहिली, आणि मग नमस्कार करून खाली उतरली. पॉप गाण्यानंतर नमस्कार, त्यावर तर सभागृह मोकळेपणी हसलं.

मी तिसऱ्या रांगेत होते. सबंध सभागृहात फक्त मला माहीत होतं की ती चुकलेली नाही. मी हात वर करून सांगू शकत होते. मी मांडीवरच्या डब्याचं झाकण घट्ट लावत बसले.

परतताना बसमध्ये ती खिडकीकडे तोंड करून म्हणाली, “माझा ताल कच्चा आहे गं. ती बया सांगत होती तरी मला कळलंच नाही कुठं चुकायलेय ते.”

“जाऊ दे,” मी म्हटलं. “आता परीक्षा आहे.”

शनिवारी तिनं कॅसेट आणून दिली आणि म्हणाली, आता तूच ठेव. प्रार्थनेला ती मागच्या रांगेत जाऊन उभी राहायला लागली. बाईंनी सेंड-ऑफला गायला विचारलं तर परीक्षेचं कारण सांगितलं. मार्चमध्ये आम्ही एकाच केंद्रावर, पुढेमागे बसून सगळे पेपर दिले. खिडकीबाहेर कडुनिंबाचीच फुलं होती. तो वास आला की मला आजही आधी बीजगणित आठवतं आणि लगेच पाठोपाठ मंगलची पाठ.

आमची मैत्री टिकली, हेच खरं तर अवघड झालं. तुटली असती तर मी केव्हाच विसरले असते. मंगलनं वडिलांनंतर दुकान घेतलं, वाढवलं. माझ्या लग्नात तिनं पाहुण्यांची सोय बघितली, ईशाच्या बारशाला घुगऱ्या तिनं केल्या. दर संक्रांतीला ती माझ्याकडे हळदीकुंकवाला येते. कुणीतरी जुनी मैत्रीण म्हणते, मंगल, तू शाळेत काय गायचीस गं, म्हण की काहीतरी. आणि ती दरवर्षी तेच सांगते, “नक्को बाई, माझा ताल कच्चा आहे.” सगळ्या हसतात. मी तिळगुळाचं ताट घेऊन स्वयंपाकघरात जाते. तीस वर्षं मी त्या वेळेला स्वयंपाकघरात जात आले आहे.

गेल्या आठवड्यात मी चिंचेच्या भाताला फोडणी घालत होते. ईशाच्या फोनवर एकामागून एक गाणी आपोआप लागत होती, आणि त्यात अचानक ते चौथं गाणं लागलं. कॅसेटच्या जमान्यातलं हे गाणं त्या फोनमध्ये कुठून आलं कुणास ठाऊक. मी डाव हातात धरून गुणगुणायला लागले. आई इंग्लिश गाणं म्हणते, या धक्क्यानं ईशा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. दुसऱ्या कडव्यात मी मान झटकली आणि पुढे गेले.

“आई, लाइन स्किप केलीस,” ईशा म्हणाली.

फोनमध्ये तो लांब केसांचा माझ्या मागे राहून ती ओळ म्हणत होता. किती साधी ओळ होती. थांब, मी येतोय, एवढाच काहीसा अर्थ. ज्या ओळीला मी ब्लेड लावलं, ती माझ्याही तोंडातून गेली होती. मी गॅस बंद केला आणि ईशाला सगळं सांगितलं, टेपरेकॉर्डरपासून नमस्कारापर्यंत. ती ओट्याला टेकून ऐकत होती.

“पण तू मंगलमावशीला सांगितलंस ना नंतर?”

“नाही.”

“थर्टी इयर्स? आई, दॅट्स सो मीन,” ती म्हणाली, आणि एवढं बोलून अभ्यासाला निघून गेली. चिडून बोलली असती तर मी उत्तर दिलं असतं.

तिचं परीक्षा केंद्र कोठीजवळ आलं आहे. काल गणिताचा पेपर होता. मी बँकेतून रजा काढली होती. फाटकातून ती आत गेल्यावर बाकीच्या आया सावली धरून बसल्या. मी रिक्षा करून बेगम बाजारात गेले. पर्समध्ये हॉलतिकिटाच्या झेरॉक्सशेजारी ती कॅसेट होती. आदल्या दिवशी पेन्सिलनं फिरवून फिरवून मी तो जोड बाहेर काढून ठेवला होता. सेलोटेप पिवळी पडली होती, पण सुटली नव्हती.

सकाळच्या वेळी दुकानात गर्दी असते. मंगल गल्ल्यावर चष्मा कपाळावर सारून बसली होती. “अगं, तू इथं कशी? पोरीचा पेपर ना आज?” तिनं स्टूल पुढे सरकवलं. मला पहिली शिंक आली. तीन तास होते माझ्याकडे, पण मला माहीत होतं की पाच मिनिटं गप्पा मारल्या तर मी यंदाही सांगणार नाही. मी कॅसेट गल्ल्यावर ठेवली, जोड तिच्याकडे केला आणि सांगितलं. माझ्या टेपरेकॉर्डरनं खाल्ली होती. मी कापली. तुला खोटं सांगितलं. वहीतही लिहिलं नाही. स्पर्धेत तू चुकली नव्हतीस.

तिनं चष्मा खाली ओढला आणि फितीवरचा तो पिवळा जोड बोटावर घेऊन बराच वेळ बघितला. मागे हमाल पोती उतरवत होते. एका गिऱ्हाईकानं भाव विचारला, तिनं हातानंच थांब म्हटलं.

“केवढी कापलीस?”

मी हात पसरून दाखवला. अंगठा ते करंगळी.

“एवढीच?” ती म्हणाली. आणि मग, माझ्याकडे न बघता, “म्हणजे माझा ताल कच्चा नव्हता.”

“नव्हता.”

“मी गाणं सोडलं ना गं.” तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. “पोरांना झोपवताना पण नाही म्हटलं कधी. नवरा म्हणायचा म्हण, मी म्हणायची मला येत नाही. तू समोर बसलेली असायचीस, ज्योते.”

मला रडू आलं आणि या वेळी ते मिरचीचं नव्हतं. ती उठेल, जा म्हणेल, आणि तीस वर्षांचं येणंजाणं इथं या गल्ल्यापाशी संपेल असं मला स्पष्ट दिसत होतं. तिनं कॅसेट उचलली, सुटलेली फीत करंगळीनं नीट आत गुंडाळली, आणि कॅसेट हिशेबाच्या वहीवर ठेवली.

“काय होती ती ओळ?”

मी शब्द सांगितले.

“बोलून नक्को दाखवू. म्हण.”

“इथं?”

“इथंच. मी तर सभागृहात म्हटलं होतं.”

मग मी म्हटलं. बेगम बाजारात, भर सकाळी, पोत्यांच्या मधे, मला गाता येत नसताना. हमाल थांबून बघायला लागले. गिऱ्हाईकानं तोंड फिरवून हसू लपवलं. “पुन्हा,” मंगल म्हणाली. मी पुन्हा म्हटलं. मध्ये शिंक आली. “पुन्हा.” तिसऱ्यांदा मी कशीबशी शेवटापर्यंत गेले.

मंगलनं चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला आणि माझ्याकडे नीट बघितलं.

“तुझा ताल कच्चा आहे,” ती म्हणाली.

आणि गल्ल्याच्या लाकडावर दोन बोटं आपटत ती ओळ तिनं स्वतः म्हटली, हलकेच, जागच्या जागी बसवून. तिथं ती थांबली नाही. पुढची ओळ तिला पाठच होती.